एकोणिसावी पायरी

टाकीला बेचाळीस पायऱ्या.
दोनदा मीच रंगवल्या, म्हणून मोजाव्या लागत नाहीत,
पायालाच ठाऊक कुठली गंजली, कुठली हलते.
गेल्या पोळ्यापासून एकोणिसावीवर
छातीत कोणी पाना घेऊन नट आवळतो.
डावा खांदा, मग जबडा.
थांबलो की सुटतं. चढलो की पुन्हा.

जिभेखाली गोळी ठेवायची, शिडीला कवटाळायचं,
खालून कोणी हटकलं तर सांगायचं,
कावळ्यानं घरटं केलं का, पाहून राह्यलो.

मडावी मॅडमनी वहीत नाव लिहिलं:
शेषराव ढोमणे, नळवाला, वय अठ्ठावन्न.
रोज सकाळी एक बाटली, बीटाचा रस.
गोळ्या तशाच चालू.
"यात नायट्रेट असतं, काका. नसा सैल होतात असं वाटतंय.
वाटतंय, म्हणून तर तपासतोय."

मी म्हटलं, नायट्रेट मले नका सांगू, मॅडम.
शाळेजवळच्या हापशीचं पाणी
मीच नेलं वर्ध्याला, डब्बा मांडीवर धरून.
कागदावर हाच शब्द आला होता,
आणि मीच परत येऊन
तिचं तोंड लाल रंगवलं, लेकरं हाकलली.
तेच आता अनशापोटी प्यायचं?
"कोणाच्या पोटात, किती, कशासंगं,
त्यावर असतं," त्या म्हणाल्या.
"आणि खर्रा बंद. गुळण्यांचं ते निळं औषधही नको.
जिभेच्या मागच्या बाजूला जंतू राहतात,
अर्धं काम तेच करतात."

सत्तावीस वर्षं ब्लिचिंग पावडर कालवतोय मी.
किती मारले, त्याचा हिशेब कोणत्या रजिस्टरात नाही.
त्या रात्री आरशापुढे जीभ काढून उभा राहिलो.
राहा बाबांनो.
जेवले का?

तिसऱ्या दिवशी लघवी लाल.
मी ओट्यावर बसून मृत्युपत्र करायच्या बेतात,
तर पर्बता हसून हसून ठसकली.
बाटलीला बोट लावून चाखलं तिनं:
"मातीवानी लागते. माती का आपल्या घरी कमी होती?"

तिसऱ्या आठवड्यात नट आवळला गेला तेविसावीवर.
मी डेअरीवर सांगितलं, सलूनमध्ये सांगितलं,
पोस्टमन थांबला तर त्यालाही.
सोमवारच्या बाजारात बीट पंधराचं चाळीस झालं,
भाजीवाली लीला मडके मला पाहून हात जोडते.

माघात वही मिटली.
मॅडमनी सांगितलं, बाटल्या दोन जातीच्या होत्या.
एकीत नायट्रेट. एकीतून काढून टाकलेलं.
रंग तोच, मातीची चव तीच,
कोणती कोणाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
माझी रिकामी निघाली.

"अन् भरली ज्याईले भेटली त्याईचं?"
पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
"रक्तदाब जरासा उतरला. चालण्यात, दुखण्यात
फरक नाही दिसला, काका."
माझ्यापेक्षा त्याच जास्त उतरलेल्या वाटल्या.
मी गडूभर पाणी दिलं. टाकीचं, तपासलेलं.
"मंग माह्यं तेवीस?"
"ते मला नाही सांगता येणार."
इतकं सरळ उत्तर मला
ग्रामपंचायतीत कधी मिळालं नव्हतं.

पर्बताला अजून सांगितलं नाही.
ती सोमवारी दोन बीट आणते, किसते,
वरून सांबार टाकते, मी खातो.
खर्ऱ्याची पन्नी खिशात असते, रिकामी,
बोटांना सवय आहे म्हणून.

आज पुन्हा तेविसावी.
इथून लाल तोंडाची हापशी दिसते,
तिच्या दांड्याला दोन पोरं लोंबकळताहेत,
पाण्यासाठी नाही, झुल्यासाठी.
ओरडावं, तर दम नाही.
गोळी विरघळतेय.
खाली कोणाच्या तरी नळाला
हवेचा फुसफुस आवाज येत असेल.
वर अजून एकोणीस.